पैठणी, मांजरपाट आणि टेरिकॉट

"कोणतीही चालेल, असं काही नसते." घरमालक काकांचं माझ्या लक्षात राहिलेलं हे पहिलं वाक्य.

माझा नवरा पुलांच्या कामावर क्रेन चालवतो. कंपनीने त्याला नागपूरला टाकलं, तेव्हा आम्ही कुडाळकडचं घर सोडून दोन पिशव्या, एक शेगडी आणि माझी शिलाई मशीन घेऊन कामठी रोडच्या आतल्या एका वस्तीत खोली बघायला गेलो. घरमालक म्हणजे सत्तरीच्या पुढचे, सडपातळ, पांढरा लेंगा आणि पांढरा सदरा घातलेले काका. त्यांनी दोन खोल्या दाखवल्या. एक पुढची, रस्त्याकडची. एक मागची, झाडांकडची. कोणती पाहिजे, असं त्यांनी मला विचारलं. नवऱ्याला नाही, मला. मी आठवीत शाळा सोडलेली. परक्या गावात, परक्या माणसापुढे आपल्याला पसंती असू शकते हेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "कोणतीही चालेल."

काका तिथेच पायरीवर बसले. "कोणतीही चालेल, असं काही नसते. जाय, दोन्ही खोल्यांत बसून ये. मी आहो इथंच."

नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. मी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले, मग मागच्या खोलीत. मागच्या खिडकीतून गडद पानांची तीन झाडं दिसत होती. बाहेर येऊन म्हटलं, "मागची." आणि लगेच घाबरून जोडलं, "म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर."

"शेपूट काहून लावलं वं?" काका म्हणाले. "मागची म्हटलं ना? मग मागची." आणि चावी माझ्या हातात दिली. ती त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली नाही, हे मला रात्रीपर्यंत पुरलं.

काकांनी उभं आयुष्य सीताबर्डीच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात गादीवर काढलं होतं. मालक म्हणून नव्हे. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडणारे म्हणून. वडील हातमागावर नऊवारी विणायचे. काका हाताशी आले तोवर मागाचे दिवस उतरले होते आणि विणकराचा मुलगा दुसऱ्यांनी विणलेलं विकायला बसला. पण विकायची त्यांची तऱ्हा वेगळी. साड्यांचा ढीग घालून ते गप्प बसत. 'ही घ्या, तुम्हाला खुलून दिसेल' हे वाक्य आपण कधी उच्चारलं नाही, असं ते फार अभिमानाने सांगत. एखादी बाई काकुळतीला येऊन म्हणाली, की भाऊ तुम्हीच सांगा ना, तर यांचं उत्तर ठरलेलं: "अंगावर तुम्हाले घालाची आहे. मी कोन सांगनारा?" दुकानाचा मालक कपाळाला हात लावायचा. पण नागपूरच्या किती बायका नेमक्या त्यांच्याच पुढ्यात येऊन बसायच्या, हे मी नंतर माझ्या मशीनवर बसून ऐकलं, कारण त्यांतल्या बऱ्याच जणींना काकांनीच फॉल-पिकोसाठी माझ्याकडे धाडलं होतं. अनोळखी शहरात माझी मशीन महिनाभरात सुरू झाली ती त्यांच्यामुळे.

दुकान सुटल्यावर त्यांनी एकच गोष्ट मनावर घेतली. "जिंदगीभर लोकायनं निवडलं," ते म्हणायचे, "मी नुसता उलगडून दाखवत राहिलो. आता मी निवडतो."

आणि ते निवडायचे. वाळ्याचा कूलर लावायच्या दिवसांत वाळा हुंगून हुंगून निवडायचे, दुकानदार तंबाखू मळून खाऊन संपवायचा तरी यांचा वास घेणं चालूच. एकदा माझ्याबरोबर मेट्रोने बर्डीला निघाले होते. गाडी आली, दारं उघडली, मी एक पाय आत टाकला आणि हे फलाटावरच. "याच्यात मजा नाही. येऊ दे दुसरी." दुसरी तशीच होती. पण त्या गाडीत ते खुशीत बसले, कारण ती त्यांनी निवडली होती. बुधवारच्या बाजारात तर त्यांना लांबून बघितलं, की वांगीवाली वांग्यांवर ओलं फडकं टाकायची. "आले वं बाप्पा, पोरगी पाहाले," ती शेजारणीला सांगायची. काका अजिबात चिडायचे नाहीत. फडकं स्वतःच उचलायचे आणि वांगी एका रांगेत मांडून, देठाकडून बघत बसायचे.

मी भीत भीत जगणारी बाई. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. काकांसारखा माणूस मला आधी अवघड वाटायचा. चहा ठेवू का विचारलं, की विचारायचे, आल्याचा का गवती चहाचा? मी म्हणायचे, तुम्हाला हवा तो. ते म्हणायचे, "मले कोनता पाहिजे ते मले माहीत आहे. तुले कोनता पाहिजे?" चहा राहायचा बाजूला आणि मी ओट्याशी उभी राहून घामाघूम व्हायचे.

आता त्या तीन झाडांचं सांगते, कारण काकांचं सगळं निवडणं शेवटी तिथे येऊन थांबायचं.

त्यांना एकच मुलगी. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. ताईंचं सासर नरखेड तालुक्यात. तिथली त्यांची संत्र्याची जुनी बाग झडत गेली आणि ताईंनी ती काढून टाकली. त्या रिकाम्या तुकड्यात काय लावायचं, याचा विचार घरात चालला होता, त्याच सुमाराला काका कुठलंसं शेतीचं प्रदर्शन बघायला गेले. एका मांडवात ग्रेपफ्रूट कापून ठेवलं होतं. संत्र्यापेक्षा मोठं, बाहेरून पिवळं, आतून लालभडक. त्या रंगावर काकांचा जीव जडला. फोड तोंडात टाकली आणि चेहरा कडू झाला. मांडवातला माणूस हसून म्हणाला, "काका, याच्यात गोड जाती पण असतात. फक्त निवडता आली पाहिजे."

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कोणापुढे काय बोलून बसलो!

काकांनी तीन ठिकाणांहून तीन जातींची कलमं आणली आणि घरामागे लावली. ताईंना निरोप दिला, की थांब, मी निवडून देतो. ताई थांबल्या. त्या तुकड्यात वर्षाआड तूर आणि कापूस घेत राहिल्या. झाडं मोठी झाली, फळं धरू लागली, आणि दर वर्षी ताई विचारायच्या, यंदा? काका म्हणायचे, यंदा नाही.

त्या जातींची इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण तोंडात नव्हती. त्यांनी आपली नावं ठेवली होती. लाल गराची ती पैठणी. पांढऱ्या गराची, साध्या सालीची, जिच्याकडे बघावंसंही वाटत नाही, ती मांजरपाट. आणि तिसरी, जाड सालीची, भरपूर रस आणि चव म्हणाल तर पाण्याची, ती टेरिकॉट. "धुतलं का वाळलं. बाकी काही नाही तिच्यात," असं तिचं वर्णन. झाडांना पाणी घालताना ते त्यांच्याशी बोलायचे. पैठणीशी लाडाने, टेरिकॉटशी कामापुरतं. मांजरपाटाला नुसतं पाणी. शेजारचे या सगळ्याला सरसकट चकोत्रा, म्हणजे आमच्याकडचं पपनस, म्हणायचे, तेव्हा मात्र काकांचा आवाज चढायचा. "चकोत्रा वेगळा! तुम्ही नऊवारीले चादर म्हनान उद्या!"

आम्ही राहायला गेलो त्या वर्षीची निवड मी पाहिली. दिवाळी उलटली, नरखेडकडून संत्र्याच्या गाड्या नागपूरच्या बाजारात येऊ लागल्या, तशी काकांनी तिन्ही झाडांची फळं उतरवली. सगळी, एका सकाळी. घरात दुकानासारखी पांढरी चादर अंथरली. फळं तीन ढिगांत मांडली. मला समोर बसवलं आणि एकेक सोलून, फोड पुढे करून म्हणाले, "घाई नाही. पाहा आरामानं."

पैठणी आंबट होती आणि मागून कडवट. मांजरपाट इतकी आंबट, की माझा एक डोळा आपोआप मिटला. टेरिकॉटचं काय सांगावं! आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला पपनस टांगतात. ते टांगतात आणि खात नाहीत, याचं कारण मला त्या दिवशी कळलं, असं मला वाटलं. बोलले मात्र नाही. म्हटलं, "छान आहेत."

काकांनी चादर झटकली. "यंदा नाही," एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात ताई आल्या. गोरी, उंच बाई, स्कूटरवरून उतरल्या की आधी हेल्मेट आणि मग राग काढणारी. त्या अंगणातच सुरू झाल्या. "बाबा, आजूबाजूच्यायच्या बागा फळावर आल्या. तुमचं अजून कपडा पाहनंच चालू आहे. आमच्या गावच्या नर्सरीवाल्यानं कलमासाठी जंबेरी लिंबाचे खुंट तयार ठेवले आहेत. पुढच्या वर्षी होळीच्या आत तुम्ही झाड सांगितलं, तर त्या खुंटांवर त्याचे डोळे भरून कलमं करून घेईन. नाही सांगितलं, तर मी मोसंबी लावते. मंग मले काही म्हनायचं नाही."

"तीस वर्षं उभं राहनारं झाड," काका म्हणाले, "असंच उचलून लावतात का?"

"तीस वर्षं तुम्ही निवडतच राहसान."

काका उठून झाडांना पाणी घालायला गेले. पण त्या दिवसानंतर वांग्यांवरचं त्यांचं लक्ष उडालं. बाजारातून ते लवकर परत यायचे आणि मागे जाऊन खुर्ची टाकून झाडांसमोर बसायचे. आपल्याजवळ आता एकच हंगाम उरला आहे, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती. माझी मशीन खिडकीशीच होती.

आणि तो हंगाम तोंडावर आला तेव्हा काका इस्पितळात होते.

दिवाळीच्या आधीच एका सकाळी त्यांना दाढी करताना छातीत कळ आली. माझा नवरा त्या दिवशी घरी होता, नशीब. रिक्षातून नेलं. डॉक्टरांनी नस मोकळी करून आत स्प्रिंग बसवली. सावरल्यावर ताईंनी त्यांना कपडे घ्यायला घरी आणलं आणि लगेच गावी घेऊन गेल्या. जाताना काका रिक्षात बसले आणि मागच्या झाडांकडे बघायला मान वळवत होते, पण तिथून ती दिसत नव्हती.

फळं पिवळी झाली. बाजारात संत्र्याच्या गाड्या सुरू झाल्या. मी काकांना फोन लावला. "काका, फळं तोडू का?"

"हात लावू नको," पलीकडून बारीक पण ठाम आवाज आला. "गादीवर मानूस नसताना दुकान उघडतात का?"

मी हात लावला नाही. पण दिवसभर जीव टांगलेला. रोज सकाळी उठून आधी झाडांखाली बघायचे. एखादं फळ पडलेलं दिसलं, की ते माझ्याच हातून पडल्यासारखं वाटायचं. पोपट आले तर मी मशीन सोडून ताट वाजवत धावायचे. नवरा म्हणायचा, "तू इथे भाड्याने राहतेस की राखणीला?" मी काय सांगणार? या माणसाने मला आल्यापासून माझीच पसंती विचारली होती. त्याची निवड पोपटांनी खाल्ली तर मी तोंड कसं दाखवणार?

संक्रांत झाली, थंडी सरत आली, तेव्हा ताईंनी काकांना परत आणून सोडलं. वाळले होते, पण सदरा तसाच पांढरा. झाडांवर फळं अजून होती. काका बघत राहिले. मग एक पैठणी उतरवून घेतली आणि म्हणाले, "उद्या दवाखान्यात दाखवाले जायचं आहे ना, डॉक्टरीणबाईले नेऊ."

मी बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण होत्या. काकांनी टेबलावर फळ ठेवलं, तशा त्या आधी हसल्या. मग त्यांनी फळ हातात घेऊन बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. "हे तुम्ही खाता?"

"खातो म्हनजे? मी तर निवडून राहिलो!"

डॉक्टरांनी औषधाची पट्टी मागवून घेतली. या गोळ्यांबरोबर हे फळ बिलकूल चालत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. फळामुळे गोळी अंगात साचत जाते, आणि चांगलं करायला दिलेलं औषधच बाधतं. मोसंबी खा, संत्रं खा, पण हे नाही. "अभ्यासात शिकले होते," त्या म्हणाल्या, "पण नागपुरात हे सांगावं लागणारे पहिले पेशंट तुम्ही."

"एक फोड?" काकांनी विचारलं.

"एक फोडपण नाही, काका."

रिक्षात काका रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. ते फळ डॉक्टरीणबाईंकडेच राहिलं होतं. घराच्या वळणावर म्हणाले, "तू खाऊन सांगशीन."

मी? मला चहा कोणता हवा ते सांगता येत नाही. माझ्या जिभेवर ताईंची अख्खी बाग लावायची? मी म्हटलं, "काका, ताईंनाच बोलवू या ना."

"तिले काही लावून मोकळं व्हायचं आहे. ती कोनतंही गोड म्हनन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू नाही म्हननार नाही, मले माहीत आहे. पन हो म्हनतानाही खरं बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर अंथरली. मला चहा पिऊ दिला नाही. चूळ भरायला लावली. तीन ताटल्यांत तीन जातींच्या सोललेल्या फोडी आणि मध्ये पाण्याचा तांब्या. पैठणीचा गर त्या उन्हात असा लाल चमकत होता, की काकांची नजर तिथून हलेना. त्यांचा कौल कुठे आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी पैठणीची फोड खाल्ली. मागच्या वर्षीपेक्षा बरी होती. मांजरपाट खाल्ली. टेरिकॉट खाल्ली.

"बोल वं."

"गोड आहे."

"कोनती?"

"तशी सगळीच. पैठणी जास्त छान आहे. रंग तर काय सुंदर!"

"रंग मले दिसते. डोळ्याले डॉक्टरीणबाईनं मनाई नाही केली." मग ताटल्या तशाच ठेवून, मांडी बदलून, भलतंच विचारलं. "तुमच्याकडे म्हने गनपतीले फळं टांगतात? काय काय टांगतात?"

मला हायसं वाटलं. मी माटवी सांगू लागले. लाकडी चौकट कशी, तिला काय काय बांधतात, कांगलं आणि हरण नावाची रानफळं, नारळांचा घोस, सुपाऱ्यांचा घड, आणि मधोमध पपनस. माझे वडील रान हिंडून ही फळं आणायचे. ते आजारी पडले त्या वर्षी आम्हा बहिणींनी आणली आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. कोणी विचारत नाही म्हणून जे कधी बोलले नव्हते, ते काका हूं, हूं करत ऐकत होते, आणि मी कितीतरी वेळ बोलत राहिले.

मी थांबले तेव्हा काका म्हणाले, "ताटल्या पाह्य."

मी खाली बघितलं. पैठणीच्या फोडी जिथल्या तिथे होत्या. टेरिकॉटच्या तशाच. मांजरपाटाची ताटली रिकामी होती.

"बायका अशाच करे," काका म्हणाले. "तारीफ एका साडीची करे अन् हात दुसऱ्या साडीच्या पदरावर. म्हनून मी चहा मागवे, घरचं विचारे, अन् हात पाहत राहे. तुह्या हातानं सांगितलं. आता तोंडानं सांग."

"काका, ताईंच्या शेतात तीस वर्षं राहायचं आहे ते. माझं चुकलं तर?"

"भेव वाटते?"

"हो."

"वाटलंच पाहिजे. बिनाभेवाचा मानूस कायले निवडते? तो उचलते. बोल."

"मांजरपाट," मी म्हटलं. यावेळी पुढे काही जोडलं नाही.

काकांचा चेहरा उतरला. लाल फोडी असलेली ताटली त्यांनी स्वतःकडे ओढली आणि पुन्हा सरकवली. "पन मांजरपाट दरसाल आंबट राहते! तू पाहिली ना मागच्या वर्षी?"

"होती आंबट. आज नाही."

"कशी आहे मंग? सांग."

मी सांगितलं, की आधी गार लागते, मग गोड, उसासारखी नाही, जरा संकोच करत येणारी गोडी; आणि अगदी शेवटी किंचित कडू, पण ते कडूपण पुढची फोड घ्यायला लावतं. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, जणू माझे शब्दच चावून बघत होते.

त्यांचा विश्वास बसला नाहीच. ताईंना फोन गेला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि सोबत गावचा नर्सरीवाला. ताईंनी उभ्याउभ्या मांजरपाटाची एक फोड तोंडात टाकली आणि खाली बसल्या. "बाबा, हे आपल्या मागचं आहे?"

नर्सरीवाल्याने झाडाजवळ जाऊन देठ बघितले, फळं चाचपली. "कधी तोडता तुम्ही, काका?"

"संत्र्याच्या गाड्या निघाल्या, का तोडतो. कधी तोडनार दुसरं?"

"मंग बरोबर," तो म्हणाला. "हे संत्रं नाही ना गा. साल पिवळी झाली म्हनून हे पिकत नाही. हे झाडावर जितकं राहीन तितकं आंबटपना सोडते. तुम्ही ते दरसाल कच्चं खाल्लं. यंदा तुमच्या दुखन्यानं ते झाडावर राहिलं."

आता काका काय म्हणतील, या भीतीने मी पदराचं टोक पिळत होते. एवढी वर्षं ताईंना थांबवलं ते याच्यासाठी? काका झाडाकडे बघत होते. मग त्यांना हसू फुटलं, आधी नुसता श्वास, मग खांदे हलू लागले.

"बाप असता तर थोबाडीत देल्ली असती," ते म्हणाले. "मागावर अर्धं विनलेलं थान कापून आनलं अन् म्हटलं, लांडं आहे! दरसाल! विनकराच्या पोरानं!" ताईही हसायला लागल्या आणि हसताहसताच त्यांनी डोळे पुसले.

कलमासाठी डोळे असलेल्या काड्या मांजरपाटाच्याच कापायच्या ठरल्या. कात्री काकांनी माझ्या हातात दिली. कोणती फांदी, ते नर्सरीवाला सांगत होता, मी कापत होते, आणि ताई त्या ओल्या फडक्यात गुंडाळत होत्या. काका खुर्चीवर. मधेच त्यांनी साल उचलून नाकाशी धरली. ताई म्हणाल्या, "बाबा!"

"वास घेऊन राहिलो फक्त."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटत? एवढं निवडलंत आणि तुम्हालाच..."

"पागल आहे का वं? त्या दुकानात मी लाखो साड्या दाखवल्या. एक तरी नेसून पाहिली का?"

त्यानंतर वर्षभराने नवऱ्याचं काम नागपूरहून हललं आणि आम्ही रायपूरला आलो. इथे खोली बघायला गेलो तेव्हा मालकाने दोन दाखवल्या, आणि मी दोन्हींत बसून आले. तो माझ्याकडे बघतच राहिला.

काकांचा फोन यायचा. कलमं लागली, कलमं गुडघ्याएवढी झाली, वानरांनी शेंडे खाल्ले, काका आता ताईंकडेच राहायला गेले, असं सगळं कळायचं. बागेत खाट टाकून बसतात म्हणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्रेपफ्रूट आणि चकोत्रा यांतला फरक सांगतात.

गेल्या हिवाळ्यात बागेला पहिलं फळ धरलं. एका सकाळी ट्रॅव्हल्सच्या बसने माझ्या नावाचं खोकं आलं. वर चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती पिवळी फळं. मी एक सोललं. पापुद्रा काढून फोड खाल्ली, मग आणखी एक. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलं का वं?" काका. आवाज थकलेला, पण सावध. "खाल्लं? कसं आहे?"

पलीकडे बरीच माणसं बोलत होती. एका गाडीचं इंजिन चालू असल्यासारखं ऐकू येत होतं. ताईंचा आवाज आला, "बाबा, तिले काही सांगू नका हं तुम्ही, तिचं तिले बोलू द्या." कशावरून तरी तिथे वाद झाला आहे आणि सगळे माझ्यासाठी थांबले आहेत, एवढं मला कळलं. कोण कोणत्या बाजूला आहे, ते कळत नव्हतं. पहिलंच पीक. एवढ्या वर्षांनी. काका पंच्याहत्तरीही मागे टाकून बसलेले. 'गोड आहे' म्हटलं की सगळे सुखाने जेवले असते.

"काका," मी म्हटलं, "घाईने तोडलंय हे. अजून आंबट आहे. झाडावर राहू द्या."

मग फोन तोंडापासून लांब धरून, छातीत स्प्रिंग असलेला तो माणूस जिवाच्या आकांताने ओरडला:

"ऐकलं? ऐकलं का गा सगळ्यायनं? म्हटलं होतं ना मी! रिकामी ने ती गाडी! वापस घे!"

फळं न्यायला आलेला व्यापारी काहीतरी कुरकुरला. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, शिवरात्र झाल्यावर या." आणि मग फोनमधून, गाडी मागे घेताना वाजते ना, ती पिपाणी वाजू लागली. ती बागेतून लांब जाऊन ऐकू येईनाशी होईपर्यंत आम्ही दोघंही फोन कानाला धरून ऐकत राहिलो.